पोपटचा शड्डू

तात्यासाहेबांनी रुईच्या गाठीच्या पट्ट्या तोडायला लावल्या, मधोमध मनगटापर्यंत हात घातला, थोडा वेळ आतच ठेवला आणि मग बाहेर काढून गालाला लावून बघितला. व्यापाऱ्याचा माणूस शेजारी उभा होता. त्याच्याकडं न बघताच ते म्हणाले, "वरनं कोरडी हाय. आत पाणी मारलंय. जा घेऊन परत."

व्यापाऱ्याच्या माणसानं निमूट गाठ परत बांधायला घेतली, म्हणजे पाणी मारलेलं होतं. वजन वाढवायला रुईवर पाणी मारायची व्यापाऱ्यांची जुनी रीत, आणि गाठीच्या पोटात हात घातल्याशिवाय माल न घ्यायची आमच्या सूतगिरणीच्या चेअरमनची त्याहून जुनी. माणसांच्या बाबतीतही ते तसंच करायचे. म्हणून आमच्या दोघांचं जमायचं, कारण संशयी स्वभाव माझाही उपजतच. बायको म्हणायची, तुमच्यापुढं देवाचा प्रसाद ठेवला तरी तुम्ही आधी खडा शोधाल.

"हां मास्तर," तात्या हात झटकत म्हणाले, "उत्तमचं काय करायचं?"

मी गिरणीत टाइमकीपर होतो आणि गिरणीच्या कबड्डी संघाचा कोच. स्वतः बरीच वर्षं डाव्या कोपऱ्यात खेळलो होतो. उत्तम थोरबोले हा आमचा चढाईपटू. नुसता आमचा नाही, सगळ्या कृष्णाकाठचा. तो चढाईला निघाला की बायका जत्रेतल्या बांगड्यांची दुकानं सोडून मैदानाकडं यायच्या. त्याला मुंबईच्या एका संघाचं बोलावणं आलं होतं. राहायचा असेल तर त्याला पाच वर्षांचा पक्का करार, फोरमनचा पगार आणि गिरणीच्या आवारातली खोली हवी होती. आमच्यासारख्या गिरणीला हा घास मोठाच होता.

"द्यायचा तर कुणाचं तरी नाव कमी करावं लागंल," तात्या म्हणाले. "पोपट मगदूम. बदलीवरच हाय, कुणाचा खाडा असंल तरच काम. वयबी झालंय. त्याला सांगितलंय मी, उत्तमचं जमलं तर तू मोकळा."

"तुम्ही आधीच सांगितलंत त्याला?"

"आडून कशाला सांगायचं? आता तुम्ही एवढं करा. उरुसाची फायनल होऊद्या. उत्तमच्या पोटात हात घालून बघा आणि मला सांगा, आत कोरडं हाय का ओलं. तुम्ही म्हणाल तसं."

पोपट मगदूम आमचा डावा कोपरा. माझ्यानंतर ती जागा त्यानं धरली होती. तो माझ्या सासुरवाडीचा, पण नात्याचा नव्हे. गरीब स्वभावाचा, पकड मात्र घोरपडीची. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याला पदरचे पैसे मोजल्यासारखं वाटायचं. तो जाणार म्हणून मला वाईट वाटलं, पण संघ म्हणजे काही अन्नछत्र नव्हे, असं मनाला सांगून मी कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे उत्तमवर डोळा ठेवायला लागलो. आणि डोळा ठेवला की दिसायला लागतंच.

पहिली गोष्ट, पोरगा शिष्ट झाला होता. गिरणीच्या फाटकात तात्यासाहेब त्याच्या शेजारून गेले, हाक मारावी इतक्या जवळून, तर यानं नमस्कार सोडा, मानही वळवली नाही. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. जेवायला पंगत बसली की हा डाव्या हाताच्या टोकाला जाऊन बसायचा. तिथं कुणी आधीच बसलेलं असलं तर त्याला उठवायचा. एकदा पोरं हसत म्हणाली, "महाराजांचं आसन राखून ठेवा रे." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवाळीच्या आधी तो असा नव्हता. दिवाळीनंतर बहिणीकडं मिरजेला म्हणून जाऊन आला, तेव्हापासूनच बिनसलं होतं.

दुसरी गोष्ट पोपटची होती, आणि ती मला जास्त खटकली.

पोपट शड्डू ठोकायला लागला होता. आमच्याकडं शड्डू ठोकणं म्हणजे आव्हान देणं. मांडीवर पंजाची अशी थाप मारायची की मैदानाबाहेर ऐकू जावी. चढाईला निघालेला गडी ठोकतो, नाहीतर समोरच्याला खिजवायला पकड करणारा ठोकतो. पोपटनं इतक्या वर्षांत कधी ठोकला नव्हता. आता मात्र उत्तम चढाईला गेला की हा आपल्या अंगणात मध्यरेषेजवळ उभा राहून मध्येच फाडकन थाप मारायचा. समोर आव्हान द्यायला कुणी नाही, चढाई दुसऱ्याची, आणि शड्डू याचा.

"पोपट जळतोय," पोरं म्हणायची. "नोकरी जायची म्हणून उत्तमला बुजवतोय."

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे नवीन काय काढलंयस?"

"काय?"

"शड्डू."

"अंगात येतंय," तो म्हणाला आणि पायातली पट्टी सोडायला खाली बसला.

ज्याच्या अंगात कधी नवरात्रातही काही आलं नाही, त्याच्या अंगात आता शड्डू येतो, यावर माझा विश्वास बसणार नव्हता. पाणी कुठंतरी मुरत होतं. पण कुठं, ते कळत नव्हतं. मैदानावर तर ते दोघं एकमेकांशी बोलतही नसत. उत्तम आला की पोपट पाठ फिरवायचा.

मग फायनलच्या आधीच्या आठवड्यात मी आईच्या औषधासाठी मिरजेला गेलो. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बघतो तर हे दोघं बाकड्यावर खेटून बसलेले. पोपट काहीतरी सांगत होता. चक्क सांगत होता, लांबलचक, हातवारे करून. उत्तम मान खाली घालून ऐकत होता. मग पोपटनं आपल्या मांडीवर हळूच एक थाप मारली आणि उत्तमनं मान हलवली. मी रिक्षाआड उभा राहून सगळं बघितलं. ओळख दाखवली नाही.

घरी येईपर्यंत मी डोक्यात सगळा पट मांडला. गावात बोलायचं नाही, मिरजेत भेटायचं. मैदानात वैर दाखवायचं, बाहेर खेटून बसायचं. फायनलला आमच्यासमोर साखर कारखान्याचा संघ होता, पैशाला भारी. शड्डू हा इशारा होता, यात आता मला शंका राहिली नाही. प्रश्न इतकाच होता की इशारा कुणाला. समोरच्या कोपऱ्याला? आता धर म्हणून? एकाची नोकरी चाललेली आणि दुसऱ्याचा पाय मुंबईच्या गाडीत. विकायला निघालेल्या माणसांना याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोपट विकला जाईल? आमच्या गावात त्यानं कुणाच्या शेतातलं कणीस खाल्लं नाही."

"तुझ्या गावचा म्हणून तू बोलतेस."

"मग तुम्ही तरी कुठल्या गावाहून बोलताय?" ती म्हणाली. "डोळ्यानं बघितलंय, ते कानानं ऐकायचं राहिलंय. विचारा की सरळ."

सरळ विचारणं मला कधी जमलं नाही. मी पारख करायची ठरवली.

फायनलच्या दिवशी उरुसाचं मैदान भरून गेलं होतं. पाणी मारून माती दाबलेली, चुन्याच्या रेषा ताज्या. तात्यासाहेब मांडवात खुर्चीवर बसले होते. सात गडी उतरायच्या वेळी मी पोपटच्या छातीवर हात ठेवला.

"तू बस. माझ्याशेजारी."

पोपटच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी ते टिपलं आणि माझी खात्री झाली. पलीकडं उत्तम थबकला होता.

"मास्तर, पोपटअण्णा न्हाई?" त्यानं विचारलं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून पोपटचं नाव मी ऐकलं.

"नाही. खेळ तुझा तू."

तो काहीतरी बोलणार होता, पण पंचांनी शिट्टी दिली. मैदानात शिरताना त्यानं माती कपाळाला लावली आणि डावीकडं मान पूर्ण वळवून एकदा आमच्याकडं बघितलं.

पोपट बाकावर बसला. मी हळूच म्हटलं, "हात मांडीवर दिसला तर बघ. गाठ माझ्याशी आहे."

पहिल्या चढाईत उत्तम चढाई मोजली जावी इतपत आत जाऊन, निदानरेषेला पाय लावून रिकामा परतला. दुसऱ्या वेळी उजव्या बाजूच्या गड्याला पायानं टिपलं, गुण घेतला, लोक ओरडले. मी पोपटकडं बघितलं. तो लोकांबरोबर ओरडला नाही. पुढच्या चढाईलाही त्याचे डोळे उत्तमवर नव्हतेच. तो उत्तमच्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या कोपऱ्याकडं बघत होता. तो कोपरा उत्तमच्या बरोबर खांद्यामागून आत सरकत होता, अगदी उघड, लपायचा प्रयत्नही न करता. आणि उत्तम त्याच्याकडं बघतच नव्हता. माझ्यासारख्या जुन्या कोपऱ्याला ते बघवेना. कबड्डीत दोन महिने काढलेलं पोरसुद्धा तिकडं एक नजर टाकतं.

पोपटचा हात उचलला गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"सोडा मास्तर."

"बस खाली."

"मास्तर, सोडा वो," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

समोरच्या कोपऱ्यानं उत्तमच्या घोट्यावर झडप घातली. उत्तम असा कोसळला की जणू कुणी अंधारात ओढलं असावं. दम तुटला, सगळे अंगावर पडले. तो बाद होऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो नुसता आमच्या बाकाकडं बघत होता, आणि पोपट जमिनीकडं.

पुन्हा आत गेला आणि पुन्हा तसाच धरला गेला. तीच बाजू, तोच कोपरा. मैदानाबाहेर कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "पैसं खाल्लं वाटतं थोरबोलेनं." ऐकून मला समाधान वाटायला हवं होतं, कारण मीही तेच म्हणत होतो. पण पैसे खाल्लेला माणूस पडताना हात आधी टेकतो. हा हात न टेकता तोंडावर पडला होता.

मी पोपटचं मनगट अजून धरलेलंच होतं. सोडून म्हटलं, "त्याला काय झालंय?"

तो मनगट चोळत राहिला.

"पोपट, तुझ्या मनात काय आहे ते आता बोललास तर बोललास. नाहीतर मी तात्यांना जाऊन सांगतो, तुम्ही दोघं विकले गेलाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत भीती होती, पण माझी नव्हती.

"डावीकडनं त्याला दिसत न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डावा डोळा गेलाय. दिवाळीच्या मॅचला बोट लागलं न्हवं का, तवा. मिरजंच्या डॉक्टरनी ऑपरेशन केलं, काय उपेग झाला न्हाई. पडदा सुटला म्हणत्यात. मी नेतोय त्याला दाखवायला." एवढं सगळं सलग बोलून तो दमल्यासारखा थांबला. मग म्हणाला, "डावीकडनं गडी आत आला की मी थाप मारतोय. एक मारली की मागं सरायचं. कुणाला संशय नको म्हणून गावात बोलत न्हाई. एवढंच हाय."

माझ्या डोळ्यांसमोरून पंगतीतलं डावीकडचं टोक गेलं. सगळी माणसं उजव्या हाताला यावीत म्हणून धरलेलं टोक. फाटकात त्याच्या डाव्या बाजूनं गेलेले तात्या आठवले. स्वतःची अशी लाज मला क्वचितच वाटली आहे. पण कोच माणसाला लाजायला वेळ नसतो, मध्यंतर जवळ आलं होतं.

"हे नियमात बसत नाही, माहीत आहे ना?" मी म्हटलं. चढाईला गेलेल्या गड्याला त्याच्या माणसांनी धोका सांगितला तर समोरच्याला गुण मिळतो.

"तोंडानं सांगतोय का मी? शड्डूला कुठला नियम?"

"आणि त्याचा करार झाला तर तू घरी जाणार, हे तुला तात्यांनी सांगितलंय."

"सांगितलंय."

"उत्तमला ठाऊक आहे?"

"न्हाई. त्याला सांगायचं न्हाई. खेळात मन लागायचं न्हाई त्याचं."

"मग थाप का मारतोस, मूर्खा? नुसता गप्प उभा राहिला असतास तरी तुझी नोकरी राहिली असती."

पोपटला प्रश्नच कळला नाही असं वाटलं.

"त्यो आत गेल्यावर मी मागं उभाच असतोय की," तो म्हणाला. "मला दिसतंय. दिसतंय तर सांगायला नको?"

मध्यंतरात मी पंचांना बदली गडी सांगितला आणि पोपटला आत घेतलं. उत्तम पाणी पीत होता. पोपट त्याच्या उजव्या बाजूनं गेला आणि खांद्याला खांदा घासून पुढं सरला. उत्तमनं उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या डावात शड्डूवर शड्डू वाजले. फाड, की उत्तमचा पाय मागं. फाड, की तो गर्रकन वळून त्याच कोपऱ्याच्या कपाळाला हात लावून परत. कारखान्याचा तो कोपरा शेवटी शेवटी पुढं यायलाच घाबरायला लागला. समोरच्या कोचनं पंचांकडं तक्रार केली की हा मांडी का थोपटतोय. पंच हसून म्हणाले, "मातीत उतरलेला गडी मांडी थोपटणार नाही तर काय टाळ वाजवणार?" आम्ही जिंकलो. पोरांनी उत्तमला खांद्यावर घेतलं. पोपट सगळ्यांच्या चपला गोळा करत होता.

उत्तम पोरांच्या खांद्यावरून उतरला तो सरळ माझ्याकडं आला.

"अण्णानं सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं."

"मग चेअरमनना खरं काय ते सांगा. मी मुंबईलाबी जाणार न्हवतो, तिथं कोण हाय थाप मारायला. पर अण्णाचं नाव घेऊ नका. त्याची नोकरी जाईल."

त्याच्या करारानंच अण्णाची नोकरी जाणार होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. कालच्या विजयानं ते खुशीत होते, पण खुशीतही त्यांचा हात गाठीपर्यंत जाणारच.

"बोला मास्तर. कोरडं का ओलं?"

वाटेत मी दहा वाक्यं जुळवून आलो होतो. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"उत्तम पाच वर्षं खेळेल," मी म्हटलं. "सोन्यासारखा खेळेल. पण पोपट संघात असेल तरच. द्यायचा तर दोघांना मिळून करार द्या. नाहीतर एकालाही देऊ नका."

तात्यांनी चष्मा काढला.

"उत्तमचं समजलं. पोपटचं काय मध्येच?"

"काल बघितलंत तुम्ही. पोपट नव्हता तेव्हा काय झालं, आणि आला तेव्हा काय झालं."

"ते बघितलं. पर का झालं, ते विचारतोय."

खरं सांगावं तर एका डोळ्याच्या गड्याला कोण पाच वर्षं देणार? आणि थापेचं सांगावं तर ती आज ना उद्या पंचांच्या कानावर जाणार. कारण सांगितलं की दोघं गेले.

"कारण विचारू नका तात्या. माझ्यावर सोडा."

तात्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. व्यापाऱ्याच्या माणसाकडं ते बघायचेही नाहीत. माझ्याकडं बघत होते, म्हणजे अजून थोडी आशा होती त्यांना.

"पोपट तुमच्या सासुरवाडीचा न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि काल तुम्हीच त्याला बसवला, तुम्हीच आत घेतला. बाकावर त्याचा हात धरून बोलताना सगळ्या मांडवानं बघितलं."

मी काय ते समजलो. आयुष्यभर मी लोकांकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर माझ्यावर आली की कशी लागते, हे त्या दिवशी कळलं. उठून सांगावंसं वाटलं की डोळा गेलाय हो पोराचा, माझा त्यात एक पैशाचा संबंध नाही. ओठावर आलं होतं. तेवढ्यात खिडकीतून अंगणात पोपट दिसला. बदलीच्या हजेरीसाठी फाटकाशी उभा होता, रोजच्यासारखा.

"हो," मी परत म्हटलं. "सासुरवाडीचाच आहे."

"खेळातलं तुम्ही खोटं बोलणार न्हाई, एवढं मला ठावं हाय," तात्या चष्मा पुसत म्हणाले. "म्हणून दोघांचाबी करार करतो, पैशाचं मी बघीन. पर कारण लपवणारा माणूस मला संघावर नको. टाइमकीपरची नोकरी तुमची राहील. कोच मी दुसरा बघतो. पाणी तुमच्यातच मुरतंय मास्तर."

मी नमस्कार करून बाहेर आलो. बायकोनं विचारलं तेव्हा म्हटलं, वय झालं, पळवत नाही. तिनं आधी माझ्याकडं आणि मग ताटाकडं बघितलं, आणि त्या दिवशी न मागता तुपाची धार जरा जास्त सोडली.

उत्तमनं पाच वर्षं खेळून काढली. पहिल्या वर्षीच्या उरुसाला मी तिकीट काढून लोकांत जाऊन बसलो. माझ्या शेजारी पटक्यातला एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. खाली उत्तम चढाईला गेला, आणि आमच्या अंगणातून फाडकन थाप आली.

"ह्यो कोपऱ्यातला कशापायी शड्डू ठोकतोय?" म्हातारा वैतागून म्हणाला. "चढाई मारतोय त्यो, आणि माज ह्याला."

"खोडच आहे त्याला," मी म्हटलं. "माजलाय."

खाली उत्तमचा डावा पाय मागं सरला होता आणि कोपऱ्याच्या हातात नुसती माती आली होती.